दांडगाईवरील आमचा लघुपट

यंदा आमच्या शाळेच्या नववीच्या विद्यार्थ्यांनीं आठ मिनिटांचा एक लघुपट तयार केला. विषय होता शाळेंतील दांडगाई आणि तिच्यापुढें मान न वांकविणें. ही वार्ता गांवांत पसरतांच दोघां-तिघां पालकांनीं आम्हांस रस्त्यांत थांबवून विचारलें, "सर, पोरं अभ्यासाले पाठवतो आम्ही, हे सिनेमाचं खूळ कायले?" प्रश्न रास्त आहे. त्यास रस्त्यावरच दोन शब्दांत उत्तर देण्यापेक्षां, दांडगाई म्हणजे काय, लघुपट कसा तयार होतो आणि तो करतांना विद्यार्थी व त्यांचे शिक्षक काय शिकले, हें या अंकांतून सविस्तर सांगावें असें आम्हीं ठरविलें.

चित्रपट म्हणजे केवळ करमणूक असें ज्यांस वाटतें त्यांनीं दादासाहेब फाळके यांचें उदाहरण आठवावें. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला आणि आपल्या देशांतील कथाही अशाच पडद्यावर याव्यात या ध्यासानें ते या विद्येच्या मागें लागले. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत झळकला, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्यापूर्वीं त्यांनीं काय केलें तें विद्यार्थ्यांस अधिक बोधप्रद आहे. कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याचा कोंब कसा फुटतो व वाढतो याचीं चित्रें ते नेमानें थोडथोडीं घेत गेले, आणि तीं सलग दाखविलीं तेव्हां पाहणाऱ्यांस रोप डोळ्यांदेखत वाढतांना दिसलें. चित्रपटविद्येचा पहिला धडा हाच होय. जी गोष्ट रोज समोर घडत असूनही दिसत नाहीं, ती दिसूं लागेपर्यंत धीरानें एका जागीं उभें राहून पाहावयाचें. दांडगाई ही तशीच गोष्ट आहे. ती रोज आपल्या समोर घडते आणि आपणांस दिसत नाहीं.

प्रथम दांडगाई कशास म्हणावें तें पाहूं. मुलांची थट्टामस्करी, क्षणिक भांडण, खेळांतील धक्काबुक्की ही दांडगाई नव्हे. नॉर्वे देशांतील प्राध्यापक डान ऑल्वेअस यांनीं या विषयाचा अनेक वर्षें अभ्यास केला व १९८३ सालीं त्या देशांत शाळांतून दांडगाईविरुद्ध जी मोहीम निघाली तींत त्यांचा मोठा वांटा होता. त्यांनीं दांडगाईचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत. एक, समोरच्यास दुखविण्याचा हेतु. दुसरें, तीच गोष्ट पुनःपुन्हां करणें. तिसरें, दोघांच्या बळांतील अंतर. हें बळ अंगाचेंच असतें असें नाहीं. सोबत्यांची संख्या, वडिलांचें वजन, पैसा, जात, बोली यांचेंही असतें. आपल्या वाशीम जिल्ह्यांतील एका वर्गांत वऱ्हाडी बोलणारीं, तांड्यावरून येणारीं गोरमाटी बोलणारीं आणि घरीं उर्दू बोलणारीं मुलें एका बाकावर बसतात. हें आपलें भाग्य आहे. परंतु त्यांतल्याच एखाद्याच्या उच्चाराची रोज नक्कल करावयाची, त्याच्या नांवाऐवजीं भलतेंच टोपणनांव रूढ करावयाचें, आणि तो रागावला तर 'गंमत केली' म्हणून हात झाडावयाचे, हा प्रकार तीनही लक्षणांत बसतो. ज्या गमतींत एकालाच कधीं हंसूं येत नाहीं ती गंमत नव्हे, इतकी खूण विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवली तरी पुरे.

आतां लघुपटाकडे वळूं. लघुपटाची सुरुवात कॅमेऱ्यानें होत नाहीं. ती कागदावर होते. गोष्ट एका वाक्यांत सांगतां आली पाहिजे, हा आमचा पहिला नियम. विद्यार्थ्यांनीं लिहून आणलेलें पहिलें वाक्य असें होतें : एका दुबळ्या मुलास सर्व चिडवितात, तो तालमींत जाऊन बळकट होतो आणि आठवडी बाजारांत दांडग्यास सर्वांसमक्ष लोळवितो. वर्गास ही गोष्ट फार आवडली. आम्हीं एवढेंच विचारलें कीं दुसऱ्या दिवशीं काय होईल ? बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली कीं दुसऱ्या दिवशीं लोक त्यालाच भितील. म्हणजे दांडगाई संपली नाहीं, तिनें केवळ घर बदललें.

यावर आम्हीं स्वतः एक कथा सुचविली. तींत शिक्षक येतात, दोघांस समोर उभें करतात, उपदेश करतात आणि दोघे मित्र होतात. मुलांनीं ती आदरानें ऐकून घेतली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, असं कधीच होत नाई." हें ऐकून आम्हांस थोडें ओशाळें वाटलें, परंतु मुलाचें म्हणणें खरें होतें. दांडगाई घडते ती सायकली ठेवण्याच्या जागीं, पाण्याच्या टाकीपाशीं, एस. टी.च्या शेवटच्या बाकावर, मधल्या सुटींत. जेथें शिक्षकाची दृष्टि पोहोंचत नाहीं तेथें त्याचा उपदेश काय पोहोंचणार ?

मार्ग सांपडेना तेव्हां आम्हीं मुलांपुढें एका मराठी माणसाची हकीकत ठेविली. श्री. नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा तालुक्यांतील जेऊरचे. अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, महाविद्यालयांत संज्ञापनविद्येचें शिक्षण घेत असतांना त्यांनीं 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. शाळेची ओढ असूनही परिस्थितीमुळें शाळेबाहेर राहिलेल्या एका गरीब मुलाची ती कथा आहे. विद्यार्थिदशेंत केलेल्या या लहानशा कृतीस दिग्दर्शकाच्या पहिल्या लघुपटासाठीं असलेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढें २०१३ सालीं त्यांनीं 'फँड्री' हा चित्रपट केला. फँड्री हा कैकाडी बोलींतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. जब्या नांवाच्या शाळकरी मुलाच्या कुटुंबास गांवासाठीं डुकरें पकडावीं लागतात, आणि त्याचे सोबती त्याच शब्दानें त्याची हेटाळणी करतात. ज्या दिवशीं सारा गांव भोंवतीं जमून ही धरपकड तमाशासारखी पाहतो आणि हंसतो, त्या दिवशीं जब्याचा संयम सुटतो व तो दगड उचलतो. तो दगड सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनें येतो आणि चित्रपट तेथेंच संपतो.

आम्हीं विचारलें, दगड कॅमेऱ्यावर कां ? कॅमेऱ्यानें जब्याचें काय केलें होतें ? मुलें विचारांत पडलीं. शेवटीं त्यांनींच उत्तर काढलें कीं कॅमेरा म्हणजे आपण. आपण खुर्चींत बसून पाहत होतों, मधूनमधून हंसतही होतों. दगड मारणें बरोबर असें तो चित्रपट सांगत नाहीं. बघ्यांस तो विचारतो कीं तुम्ही इतका वेळ कोठें उभे होतां?

हाच प्रश्न शास्त्रज्ञांनींही विचारला आहे, आणि तोही कॅमेऱ्याच्याच साहाय्यानें. कॅनडांतील संशोधकांनीं टोरोंटो येथील प्राथमिक शाळांच्या मैदानांवर दुरून चित्रण केलें व मुलांच्या अंगावर लहान माइक लावून बोलणेंही टिपलें. त्याचा निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाला. दांडगाईच्या प्रसंगांपैकीं ८८ टक्के प्रसंगीं इतर मुलें तेथें हजर होतीं. त्यांपैकीं कोणीतरी मध्यें पडलें असे प्रसंग अवघे १९ टक्के. परंतु जेव्हां कोणी मध्यें पडलें तेव्हां निम्म्याहून अधिक वेळां दांडगाई दहा सेकंदांच्या आंत थांबली. विद्यार्थ्यांनीं हे आंकडे फळ्यावर लिहिले आणि आमच्या लघुपटास त्याचा नायक मिळाला. तो मार खाणारा नव्हे, मारणाराही नव्हे. तो तिसरा, म्हणजे बघा.

कथा अशी ठरली : पाण्याच्या टाकीपाशीं एका मुलाचें दप्तर रोज चिखलांत फेंकलें जातें. भोंवतीं कडें करून मुलें हंसतात. त्यांत एक मुलगा हंसत नाहीं, पण बोलतही नाहीं. तो खालीं पाहतो. एके दिवशीं तो पुढें येतो, दप्तर उचलतो आणि म्हणतो, "चाल, वर्गात जाऊ." एवढेंच. सोबतीस कोणी आहे हें पाहून पहिल्या मुलास वाचा फुटते आणि तो वळून सांगतो कीं मला हें आवडत नाहीं, हें थांबव. मग दोघे मिळून शिक्षकांकडे जातात.

चित्रणासाठीं आमच्यापाशीं एक मोबाइल फोन, सायकलच्या ट्यूबनें विटेवर बांधलेली लांकडी पट्टी आणि दोन शनिवार एवढेंच साहित्य होतें. ज्यांस असा उद्योग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. फोन आडवा धरावा व टेंकूवर ठेवावा. हातांत धरल्यास चित्र हालतें. सकाळचें किंवा उतरतें ऊन घ्यावें. भर दुपारीं तोंडावर काळ्या सांवल्या पडतात. दोन पात्रें बोलत असतील तर त्यांच्यामध्यें एक रेषा मनांत आंखावी व कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूस ठेवावा, नाहींतर दोघेही एकाच दिशेस पाहत आहेत असें वाटूं लागतें. चित्रापेक्षां आवाज अधिक दगा देतो. यास्तव वर्गांतील पंखा बंद करावा आणि दुसरा फोन बोलणाऱ्याजवळ लपवून आवाज निराळा टिपावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट संकलनाची, म्हणजे तुकडे जोडण्याची. रशियांतील लेव्ह कुलेशोव्ह यांनीं सुमारें शंभर वर्षांपूर्वीं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदां अन्नाच्या वाडग्याशेजारीं व एकदां शवपेटीशेजारीं जोडून दाखविला. पाहणाऱ्यांस पहिल्यांत भूक दिसली व दुसऱ्यांत शोक. चेहरा तोच होता; अर्थ शेजारच्या चित्रानें आणला. याचा उपयोग आम्हांस असा झाला कीं मारहाण दाखविण्याची गरजच उरली नाहीं. दप्तर पडल्याचा आवाज आणि त्यापाठोपाठ बघ्यांचे चेहरे, एवढ्यानें सर्व कळतें. मुलांच्या अंगास कोणी बोटही लावूं नये हा नियम आम्हीं केला होता आणि त्याविषयीं आम्हांस थोडा अभिमानही होता.

तो अभिमान पहिल्याच शनिवारीं उतरला. चिडविल्या जाणाऱ्या मुलाचें काम कोणी करावें असें विचारतां वर्गानें एकमुखानें एका विद्यार्थ्याचें नांव घेतलें होतें. 'त्यालाच शोभेल' असें मुलें म्हणालीं आणि आम्हीं मान्य केलें. टाकीपाशीं चिखलांत दप्तर फेंकण्याचें व तें उचलतांना त्या मुलानें पडण्याचें दृश्य कांहीं केल्या नीट येईना. एकदां ऊन गेलें, एकदां बकरी मध्यें आली. प्रत्येक वेळीं मुलें मोठ्यानें हंसत, आणि हंसण्यांत जिवंतपणा आहे म्हणून आम्ही शाबासकी देत होतों. सातव्या खेपेनंतर तो मुलगा चिखलांतून उठला आणि हळूच म्हणाला, "सर, आनखी कितीक डाव पडू ?"

त्याच्या आवाजांत नाटक नव्हतें. आम्हीं चित्रण थांबविलें. चौकशी करतां कळलें कीं संवादांत मुलांनीं लिहिलेलें टोपणनांव कल्पित नव्हतें. पांचवीपासून वर्ग त्यास त्याच नांवानें हांक मारीत होता. चार वर्षें तें आमच्या कानांवर पडलें असलेंच पाहिजे, पण आम्हीं तें कधीं ऐकलें नव्हतें. दांडगाईविरुद्ध लघुपट काढतां काढतां आम्हीं तीच दांडगाई सात वेळां करविली होती, आणि कॅमेऱ्यामागें उभे राहून इतरांबरोबर हंसलोंही होतों. फळ्यावरचे आंकडे आठवले. त्या १९ टक्क्यांत आम्ही नव्हतों.

सोमवारीं वर्गापुढें आम्हीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. वडील माणसानें मुलांसमोर आपली चूक कबूल केल्यानें त्याचें वजन कमी होतें असें कित्येकांस वाटतें. आमचा अनुभव तसा नाहीं. मग त्यास विचारलें कीं तुला या लघुपटांत राहावयाचें आहे काय, आणि असल्यास कोणतें काम पाहिजे ? त्यानें फोन मागितला. दुसऱ्या शनिवारीं कॅमेरा त्याच्या हातीं होता. चिडविल्या जाणाऱ्या मुलाचें काम आळीपाळीनें सर्वांनीं करून पाहिलें, दांडग्याचें काम करणाऱ्यानेंही. आणि टोपणनांव काढून टाकण्यांत आलें.

आम्हीं कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर ठेवीत होतों. त्या विद्यार्थ्यानें तो विटेसकट जमिनीवर ठेवला. असें कां, म्हणून विचारतां तो म्हणाला, "पडलेल्या पोराले पायच दिसतेत, सर." म्हणून आमच्या लघुपटाच्या मुख्य दृश्यांत चेहरे नाहींत. चपला व बूट यांचें एक कडें दिसतें, वरून हंसणें ऐकूं येतें, आणि मग त्या कड्यांतून दोन पाय पुढें येतात. आम्हीं पुस्तकें वाचून जें शिकविलें त्यांत हें दृश्य नव्हतें. तें ज्यास ठाऊक होतें त्यानेंच तें दाखविलें.

आतां पाठ राखण्याविषयीं, म्हणजे स्वतःसाठीं व दुसऱ्यासाठीं उभें राहण्याविषयीं, थोडें सांगतों. विद्यार्थ्यांनो, ज्याचा छळ होतो त्यानें ताठ उभें राहून थोडक्या शब्दांत 'हें थांबव' म्हणावें व जेथें माणसें आहेत तेथें जावें. उलट शिवी किंवा दगड यानें दांडग्यास हवा असलेला तमाशा मिळतो. नंतर विश्वासाच्या वडील माणसास सांगावें. कोणत्या दिवशीं काय घडलें तें वहींत लिहून ठेवावें. यास चुगली म्हणत नाहींत. दुसऱ्यास शिक्षा व्हावी म्हणून सांगणें ही चुगली. कोणाचा तरी त्रास थांबावा म्हणून सांगणें हें कर्तव्य. सांगण्यास जवळ कोणीच नसेल तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा विनामूल्य क्रमांक आहे. बघ्यानें दांडग्याशीं झुंजावें अशी अपेक्षा नाहीं. हंसूं नये, छळल्या जाणाऱ्याच्या शेजारीं जाऊन उभें राहावें, त्यास नांवानें हांक मारून बाजूस न्यावें. आणि कोणाच्या फजितीचें चित्रण फोनवर आलें तर तें पुढें पाठवूं नये. तें पुढें धाडणारा हात हा दप्तर फेंकणाऱ्या हाताहून निराळा नाहीं.

पालकांसही नम्र विनंती आहे. मूल रडत आलें तर 'तूंही एक ठेवून दे' किंवा 'दुर्लक्ष कर' हीं दोन उत्तरें टाळावीं. पहिलें त्यास नवा दांडगा करतें, दुसरें त्यास एकटें पाडतें. आधीं सर्व ऐकून घ्यावें, मग शाळेंत यावें. आपला मुलगाच दांडगाई करतो असें कळलें तर तेंही ऐकण्याचें धैर्य ठेवावें. तो राक्षस नसतो, त्यास वेळींच आवरणारें कोणी भेटलेलें नसतें एवढेंच. कायदाही या बाबतींत स्पष्ट आहे. महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें शिक्षणसंस्था व वसतिगृहें यांतील रॅगिंग हा दंड व कारावास यांस पात्र असा गुन्हा आहे, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें विद्यार्थ्यास मारण्याची किंवा मानसिक त्रास देण्याची शिक्षकांसही मनाई आहे. परंतु कायदा जागा होण्यापूर्वीं शेजारी जागा झाला तर बरें.

लघुपटानें शाळेंतील दांडगाई संपली असें आम्ही म्हणत नाहीं. गेल्याच महिन्यांत व्हरांड्यांतून जातांना तें जुनें टोपणनांव पुन्हां आमच्या कानीं पडलें. आम्ही वळणार इतक्यांत दुसरा एक आवाज आला, "नावानं बोलाव त्याले." क्षणभर शांतता झाली आणि मग त्या मुलास त्याच्या नांवानें हांक मारली गेली. सिनेमाचें खूळ कशाला, असें ज्या पालकांनीं विचारलें त्यांस आमचें उत्तर एवढेंच आहे. गोष्ट दहा सेकंदांची होती, परंतु ती शिकण्यास वर्गास दोन शनिवार लागले आणि त्यांच्या शिक्षकास चार वर्षें.